पाणी फाटलं तर

आई,

आज रविवार, दुपारची वेळ, आणि मी संस्थेतल्या माझ्या खोलीत एकटी बसले आहे. घरी सांगून आले की एक महत्त्वाचा मेल पाठवायचाय. ते खोटं नाही. फक्त तो बाजूला ठेवून मी तुला लिहायला घेतलंय, तेही कागदावर. तू जाऊन बावीस वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, कारण तू बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायचीस आणि मला ते बघवायचं नाही. येताना टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मंडपाचे बांबू रस्त्यात आडवे पडले होते, म्हणून रिक्षावाल्याने मागच्या गल्लीतून रिक्षा काढली. तुझी लॅब होती तीच गल्ली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. गल्ली संपेपर्यंत मी मान वळवून त्या दुकानाकडे बघत होते.

"तुझी लॅब" म्हणायची मला सवय लागली आहे आणि त्यात एक चलाखी आहे. तू तिथे नळ्या आणि काचपट्ट्या धुवायचीस. लोकांना मी सांगत आले, "आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती," आणि पुढे कोणी काही विचारायच्या आत विषय बदलत आले. ऐकणाऱ्याला वाटायचं, टेक्निशियन असणार. मी वाटू दिलं. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावरही तेच वाक्य आहे, आणि ते लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि मी घरी न जाता तुझ्याकडे यायचे. मागच्या बाजूला ती अंधारी मोरी, ओळीने तीन टब. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात नळाचं, तिसऱ्यात डिस्टिल्ड. मी स्टुलावर बसून शेंगदाणे खातेय आणि तू तिसऱ्या टबातून एक काचपट्टी काढून ट्यूबलाइटसमोर धरतेस. "बघ, पाणी कसं सगळीकडे सारखं बसलंय? असं पाहिजे. मधनंच फाटलं, थेंब थेंब झालं, तर समजायचं मळ राहिला. आपल्या डोळ्याला दिसत नाय, पाण्याला कळतं." एकदा मी तुला मदत करायला बसले आणि पाणी फाटलेली पट्टी तशीच रॅकमध्ये लावली. म्हणाले, "चालतंय गं, कोण बघतंय?" तू ओल्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारलीस. लागलं नाही, पण तू खरंच चिडली होतीस. "ज्याचं रक्त आहे त्याला दिसतंय का? नाय ना? मग आपणच बघायचं." त्या दिवशी निघताना तू पदराखालून एक छोटा बीकर काढून माझ्या हातात दिलास. त्याचा ओठ तुटलेला होता. "डॉक्टर टाकायला सांगत होते, मी मागून घेतला. सायन्स शिकायचंय ना तुला?" तो अजून आहे. माझ्या टेबलावर असतो, त्यात मी चिमटे ठेवते.

मग ते अकरावीचं वर्ष. दोन दिवस ठाण्यात पाणी आलं नव्हतं, लॅबची टाकी कोरडी पडली होती, आणि टेक्निशियनने तुला सांगितलं की सगळं एकाच टबात विसळून दे. तू नाही म्हणालीस, त्याने आवाज चढवला, तू विसळून दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर पेशंट बसलेले असताना तू हात पुसत बाहेर गेलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "साहेब, काल दुपारनंतरच्या नळ्यांत पाणी फाटत होतं. साबण राहिलाय. ते रिपोर्ट देऊ नका, रक्त परत घ्या." डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही बाटल्या धुवा. रिपोर्टचं आम्ही बघतो." बाकावरचे दोघे उठून निघून गेले. महिना संपला त्या दिवशी तुला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

हे तू मला घरी सांगितलंस ते अगदी सरळ आवाजात, मोरीपाशी उकिडवं बसून भांडी विसळत. मी दारात उभी होते. आता फी भरता येणार नाही, माझा क्लास सुटणार हे मला तिथल्या तिथे कळलं आणि मी म्हणाले, "तुला काय गरज होती बोलायची? बाटल्या धुणारी तू. तुला कोणी विचारलं होतं का?" तुझ्या हातात स्टीलचा पेला होता. तो तू उगाचच उजेडात धरलास, पालथा घातलास आणि म्हणालीस, "जेवून घे." मी जेवले नाही. पुढे क्लास सुटला, आपण आंबिवलीला मामाच्या खोलीत राहायला गेलो, तू डबे करून द्यायला लागलीस. त्या दिवसाबद्दल आपण दोघी परत कधी बोललो नाही. मी ते शब्द मागे घेतले नाहीत. आधी रागाने, मग लाजेने, आणि नंतर वाटलं की तू विसरली असशील.

मी काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं, तर थोडक्यात सांगते. एक काळसर चमकता खडा असतो. त्याला चिकटपट्टी लावायची, ओढून काढायची, परत लावायची, परत काढायची. तुला हसू येईल, पण खरंच चिकटपट्टीच. सोलत सोलत शेवटी इतका पातळ पापुद्रा उरतो की त्याहून पातळ काही उरूच शकत नाही, अणूंचा एकच थर. तो एका छोट्या गुळगुळीत प्लेटवर ठेवायचा आणि त्यावर उजेड टाकायचा. उजेडाने एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उठतो. मागे रिकामी जागा राहते. पण तो लांब जात नाही, त्या रिकाम्या जागेच्या ओढीने तिच्याभोवतीच राहतो. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. जाड खड्यात आजूबाजूचे सगळे थर मध्ये पडतात आणि ओढ सैल होते. एकाच थरात मध्ये पडणारं फारसं कोणी नसतं, म्हणून ती घट्ट असते. मग इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी पडतो आणि जाता जाता थोडा लालसर उजेड देतो, पापणी लवायच्या कितीतरी आधी. हे ऐकलं की लोकांना लगेच त्यात ताटातूट आणि प्रेम दिसायला लागतं. माझं डोकं फिरतं. इलेक्ट्रॉनला कोणाची आठवण येत नाही, गं. आठवण आपल्याला येते.

इतका पातळ पापुद्रा असला की त्याला काहीही लपवता येत नाही. जवळ ओल आली, बोटाचं तेल लागलं, तरी त्याचा उजेड बदलतो. याचाच आम्ही उपयोग करायला निघालो. आमच्या मजल्यावर सगळे असंच काहीतरी करतात, कोणी हाड जोडायचं सिमेंट, कोणी जखमेवरची पट्टी. मी रक्ताच्या मागे लागले. मूत्रपिंड बिघडायला लागलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. पापुद्र्यावर थेंब टाकायचा, ते प्रथिन येऊन बसलं की उजेडाचा रंग सरकतो, आणि आजार लवकर कळतो. तसा रंग सरकला. चांगला सरकला. आम्ही पेपर लिहिला, परीक्षकांनी कौतुक केलं, आता तो छापायला जातोय. एका रुग्णालयाने पेशंटचं रक्त तपासायला द्यायचं कबूल केलंय. माझी नेमणूक कराराची आहे आणि पुढचा करार याच कामावर ठरणार आहे. मी त्रेपन्न वर्षांची आहे, आई, मला आता दुसरीकडे कोणी घेणार नाही.

माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे, खडवलीची. जीभ जरा फटकळ, हात मात्र अतिशय नेटके. मंगळवारी सकाळी ती प्लेटांची डबी घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. "मॅडम, ब्लँकला पण सेम येतंय." ब्लँक म्हणजे नुसतं पाणी, ज्यात ते प्रथिन नाहीच. मी म्हटलं, काहीतरी चुकलं असेल, परत कर. "तीनदा केलेलं, मॅडम. मग मी पेपरला वापरलेल्या लॉटमधल्या उरलेल्या प्लेटा पाण्यात बुडवून बघितल्या. पाणी फाटतंय."

तिने तुझाच शब्द वापरला. तो मीच माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलाय. या तपासणीला इंग्रजीत रीतसर नाव आहे. एमएस्सीला असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात ते मला सापडलं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी राग आला होता. तू आयुष्यभर करत आलीस ते कोणीतरी कधीच छापून ठेवलं होतं आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. मी मुलांना ते नाव सांगत नाही, पाणी फाटतं असंच सांगते. तर त्या प्लेटांवर धुण्याचा साबण राहिला होता. साबणावरून पाणी पापुद्र्याखाली शिरत होतं आणि उजेड त्यानेच बदलत होता. आमचा सगळा निकाल त्या एका लॉटवर उभा आहे. हे मला तिचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं.

आणि मी तिला म्हणाले, "तुला काय गरज होती हे उकरून काढायची? पेपर छापायला चाललाय. तुला कोणी विचारलं होतं का?"

तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं. आवाजसुद्धा तोच, अकरावीतला. ती तुझ्यासारखी गप्प बसली नाही. लाल झाली, पण हलली नाही. म्हणाली, "मॅडम, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" मग तिने जरा मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही कोणाकडून शिकलेलात?" मी म्हणाले, "एका जुन्या लॅबमध्ये." ती म्हणाली, "कोण होतं तिथे?" मी खिडकीकडे बघत म्हणाले, "आठवत नाही."

मंगळवारपासून मला नीट जेवण गेलेलं नाही. सारखं तुझं शेवटचं आजारपण डोळ्यांसमोर येतं. कल्याणच्या त्या दवाखान्यात तू पिवळी पडून झोपली आहेस, मी पायथ्याशी बसून तुझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचतेय, आणि आकडे इतके वाईट आहेत की काय सांगावं ते मला कळत नाही. तू डोळे न उघडता विचारतेस, "तिथं नळ्या कोण धुतं गं?" मी म्हणाले, "आता प्लास्टिकच्या असतात आई, एकदा वापरून टाकतात." मग म्हणालीस, "बरं झालं. कोणाला बोलावं लागत नसेल." तेव्हा मला कळलं की तू काहीच विसरली नव्हतीस. मी तेव्हा तरी माफी मागायला हवी होती. मी उठून पाण्याची बाटली भरायला गेले. चौथ्या दिवशी तू गेलीस.

आज आल्याबरोबर मी पहिलं काम ते केलं. बीकरमधले चिमटे काढले, त्यात डिस्टिल्ड पाणी घेतलं, डबीतली एक प्लेट बुडवून खिडकीपाशी उजेडात धरली. एक क्षण पाणी सपाट बसलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग ते एका कडेने फाटलं. दुसरी प्लेट घेतली. तीही फाटली. डबीतल्या पाचही तशाच निघाल्या. मुलीचं काहीही चुकलेलं नाही.

मेल तयार आहे. फक्त चार ओळी आहेत, पेपर मागे घेत आहोत आणि रुग्णालयाने अजून कोणाचं रक्त देऊ नये अशा. चूक कोणी पकडली तेही त्यात लिहिलंय, तिच्या नावानिशी. मंगळवारी संध्याकाळीच लिहून झाला होता. तेव्हापासून तो समोर उघडा आहे, रोज एखादा शब्द बदलते आणि ठेवून देते. रुग्णालयाचे लोक उद्या सकाळी पहिले नमुने पाठवणार आहेत.

हे पत्र तुला मिळणार नाही हे मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच ते इतकं भराभर लिहून झालं. पाठवता येईल असं एक पत्र समोर होतं, आणि मी दुपारभर दुसरंच लिहीत बसले.