सामाईक टाकी

बोरिवली,
२२ जानेवारी २०२५

प्रिय दादास,
नितेशचा नमस्कार. वहिनी बरी असेल. जान्हवीची परीक्षा आली ना? इकडे आम्ही ठीक आहोत. पोरीचा खोकला थांबला एकदाचा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काम टाकीचं आहे. विहिरीच्या पंपाला जोडलेली प्रेशर टाकी गळतेय, म्हणजे पार वाट लागलीय तिची. सगळे नळ बंद असले तरी दर पाच मिनिटांनी पंप आपोआप चालू होतो. एम-सील लावून झालं, सायकलची ट्यूब गुंडाळून झाली. श्यामसुंदर प्लंबर म्हणतो, "बूड सडलंय, वेल्डिंग धरायचं नाही. नवीच घाला."

मग घाल ना, म्हणशील. अरे, वाटणीत दोन-दोन खोल्या झाल्या, तू तुझ्या खोल्यांना कुलूप लावून मालाडला गेलास, पण विहीर, पंप नि टाकी सामाईकच राहिली. आईचा हट्ट तुला ठाऊक आहे. "सामाईक वस्तूक एकट्यान हात लावूचो नाय. थोरल्याक बोलव." गणपतीपासून रोज हेच. टाकीखाली परात ठेवायची, भरली की तुळशीला ओतायची, आणि मी कामावरून आलो की विचारायची, "थोरलो काय म्हणालो?"

स्मशानात तू मला विचारलंस, "शेवटपर्यंत आईने मला बोलावलं नाही ना रे?" मी खाली बघत उभा राहिलो. तू समजायचं ते समजलास. तेराव्याला आलास, विधी उरकलेस, पाण्याचा घोटही न घेता गेलास.

दादा, बोलावलं होतं रे. तीन महिने बोलावत होती. मी तुला फोनच केला नाही.

घर बिल्डरला द्यायच्या भांडणात तू मला सगळ्यांसमोर 'फुकट्या' म्हणालास ना, ते डोक्यात बसलं होतं. म्हटलं, मीच का पाय धरू? आईला मात्र सांगत राहिलो, "केला फोन. बघतो म्हणाला." एक दिवस वैतागून बोलून गेलो, "नाही येत म्हणाला. तुमचं तुम्ही बघा म्हणाला."

तिने भरलेली परात तुळशीला ओतली. मग म्हणाली, "कामात आसतलो तो." त्यानंतर तिने विचारलंच नाही. आठवड्याभरात झोपेतच गेली. तू नाही म्हणालास, असंच समजून गेली रे ती. आता कुणाला जाऊन सांगू खरं काय ते? रडू येतं, आणि आपल्याला रडायचा तरी काय हक्क, असं वाटतं.

टाकी अजून तशीच आहे. मी एकटा हात लावणार नाही. तू ये. मला मार, चारचौघांत शिव्या घाल, पण ये. आणि नाही येत म्हणालास, तर या वेळी ते तुझ्या तोंडचं असेल. मी ऐकून घेईन.

'तुझा' लिहायची हिंमत होत नाही.
नितेश