चार बोटं उंच स्टूल

३ जानेवारी १९७३

"हिलना मत. रोशनी खुद आएगी."

छत्तीस वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने मोडक्या हिंदीत हे माझ्या आईला सांगितलं. काटोलजवळ, संत्र्याच्या बागेत. आई तोडणीला गेली होती, मी सात वर्षांची, टोपल्यांपाशी बसलेली. आईला आयुष्यात कुणी 'स्वस्थ बस' म्हटल्याचा हा एकच प्रसंग मला ठाऊक आहे!

आज एकदम आठवण आली, कारण मनोहरराव. आपल्या शहरातल्या चित्रपट मंडळाचे सचिव. दारातूनच ओरडले, "बाई, ब्रूनो टेशनर येऊन राहिले नागपूरला! कॅमेरामन. सत्कार आहे. नंतर स्मरणिका काढून राहिलो, त्यात लेख तुम्हीच लिहा जी. तुम्ही त्याच भागातल्या ना?"

'त्या भागातल्या' हे मनोहरराव फार जपून म्हणतात. भाग म्हणजे काटोल नव्हे, हे आम्हा दोघांनाही माहीत असतं.

हो म्हटलं. मला टेशनर नको होता. आई हवी होती. ती जाऊन बारा वर्षं झाली, तिचा एकही फोटो नाही. बुद्धाच्या तसबिरीशेजारी मी तेव्हाच एक खिळा ठोकला होता. अजून रिकामा आहे.

५ जानेवारी

टेशनरसाहेबांचं चरित्र आलं. टाइप केलेलं, दीड पान. एवढ्याशा जागेत माणूस किती वेळा पडू शकतो!

जन्म ब्रेस्लाऊ. बर्लिनच्या स्टुडिओत मूकपटांचे दिवे धरता धरता कॅमेरामन. पस्तीस साली मुंबईला — आपल्या देवांना ढगांतून खाली उतरवायला जर्मनीहून माणूस मागवावा लागला होता. सदतीस साली काटोलचं चित्रीकरण, आणि त्याच सिनेमावरून हकालपट्टी. कारण लिहिलंय, 'तांत्रिक चूक'. मग लढाई सुरू झाली आणि इंग्रजांनी शत्रू म्हणून तारेच्या कुंपणात ठेवला, सात वर्षं. (हिंदी तिथेच सुधारली म्हणतात.) सुटून जर्मनीत गेला तर तिथे कुणी ओळखेना. शेवटची वीस वर्षं शिवणयंत्रं आणि टूथपेस्टच्या जाहिराती. देवांनंतर दात!

मनोहररावांनी 'हकालपट्टी' खोडून वर लिहिलंय, 'मतभेद'.

९ जानेवारी

लेख एक ओळ पुढे सरकला नाही. लेखिका म्हणे!

१२ जानेवारी

सीताबर्डीला मंडळाच्या खोलीत गेले. टेबलावर पाकिटातून काढलेला मोठा फोटो. टेशनरसाहेबांनी आधी पाठवलेला.

संत्र्याचं झाड. पानांतून नेमका चेहऱ्यावर पडलेला उजेड. बाई किंचित हसते आहे, कारण तिला न हलण्याची सवय नाही. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.



मनोहरराव म्हणाले, "हेमनलिनीदेवी! त्या सिनेमाच्या नायिका. सत्काराला प्रमुख पाहुण्या आहेत. फ्रेम करून स्टेजवर त्यांनाच भेट देऊन राहिलो आपण. काय दिसत होत्या, नाही?"

"ही माझी आई आहे."

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. "बाई, सिनेमावाल्यांनी मजुरिणीचा एवढा मोठा फोटो काहून काढावा?"

"गोंदण बघा."

"मेकअप असतो जी!"

मागे जर्मनमध्ये दोन शब्द लिहिलेत. मंडळात जर्मन कुणालाच येत नाही. तरी ते हेमनलिनीदेवींचंच नाव आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

१४ जानेवारी

तुळसामावशी काटोलहून बसने आली, पिशवीभर संत्री घेऊन. आईची धाकटी बहीण. त्या दिवशी बागेत तीही होती. फोटोचं सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

"अवं, तुले काय आठवते? तू तं संत्रं खाऊन राहिली होती! त्या नटीले ऊन सोसत नव्हतं. मंग टेशनसाहेबानं तुह्या मायले तिच्या जागी स्टुलावर बसवलं. दोरीनं नाकापर्यंत मोजलं. चंदेरी कागदाच्या फळ्या इकडून तिकडं, इकडून तिकडं! माय म्हणे, मी का झाड आहो का?"

"मग?"

"मंग साहेब कॅमेऱ्यामागं काळ्या कपड्यात घुसला, अन् नटी आली. स्टुलाकडं पायलं. म्हणे, यावर ते बाई बसली होती? दुसरं आणा!"

"आणलं?"

"आणलं ना वं. आमच्या स्टुलापेक्षा चार बोटं उंच. सूर्य पानाआड चालला होता, साऱ्याइले घाई. साहेबाले कोणी सांगतलंच नाही."

मावशी हसत होती. हे हसणं मला ओळखीचं आहे. आईही अशीच हसायची, आणि मग घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

मनोहररावांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "सत्काराच्या वेळी कशाला कडवटपणा?" गोड गोष्टींची यादी त्यांनी स्वतःच दिली — जर्मन शिस्त, भारतप्रेम, संत्री.

२० जानेवारी

झाला सत्कार. शाल, श्रीफळ, चार भाषणं. टेशनरसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाल कोणत्या बाजूने येतेय तेही त्यांना दिसत नव्हतं. फोटो तर नाहीच.

हेमनलिनीदेवींनी फ्रेम हातात घेतली. बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी! माइकवर म्हणाल्या, "इतकी सुंदर मी पुन्हा कधीच दिसले नाही."

खरंच आहे.

टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. उठायचं ठरवून आले होते, वाक्यही पाठ होतं. उठले नाही. लोक वळून बघतील, याची भीती वाटली. त्रेचाळीस वर्षांची बाई, दोन पुस्तकांची लेखिका — आणि न हलता बसून राहिले. आईसारखी. पण आईवर निदान उजेड तरी होता.

फ्रेम त्यांच्या गाडीत गेली. मुंबईला.

२१ जानेवारी

सकाळी टेशनरसाहेबांना भेटायला रेस्ट हाउसवर गेले. लेखासाठी म्हणून. विचारलं, फोटोतली बाई कोण?

"रुखमा," ते लगेच म्हणाले. आईचंच नाव. "लाइटवाली. पीछे लिखा है. प्रोबे, रुखमा. प्रोबे मतलब टेस्ट."

तेव्हाची रीत सांगितली. शॉटच्या आधी बदलीच्या माणसावर हातभर फिल्म फिरवायची, ती कापून तिथेच बादलीत धुऊन बघायची. आईची पट्टी अचूक उतरली. सिनेमा मुंबईत धुतला तेव्हा मात्र सगळ्या गाण्यात नायिकेचा गळा लखलखीत आणि चेहरा अंधारात! निर्मात्याने त्याच दिवशी काढलं. इथला एकही मोठा स्टुडिओ पुन्हा दारात उभा करेना.

"टेस्ट सही, पिक्चर गलत. छत्तीस साल सोचा. मेरा हाथ गलत, कि आँख गलत? टेस्ट की पट्टी हमेशा साथ रखी. अब वो भी चूरा हो गई. एक ही फोटो निकला."

म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं! आमच्या घरात छत्तीस वर्षं हसण्यावारी नेलेली गोष्ट — आणि हा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत टूथपेस्टपर्यंत गेला. मावशीने सांगितल्यापासून मी स्टुलाकडे फक्त आमचा अपमान म्हणून बघत होते.

सांगितलं. स्टूल, विटाळ, सगळं.

ते पुढे वाकले. मग विचारलं, "कितना ऊँचा?"

मी त्यांचा हात धरून माझी चार बोटं त्यांच्या तळव्यावर आडवी ठेवली. त्यांनी ती दुसऱ्या हाताने चाचपली. एक, दोन, तीन, चार.

"सही था," म्हणाले. "मेरा हाथ सही था." आणि म्हातारा हुंदके देऊन रडला.

२२ जानेवारी

लेख एका बैठकीत झाला. स्टुलासकट. मनोहरराव परत करतील. करू देत.

२७ जानेवारी

लेख परत आला.

हेमनलिनीदेवींना पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते:

'तुमच्या दिवाणखान्यात टांगलेली बाई तुम्ही नाही. तुम्ही जिच्यासाठी स्टूल बदलायला लावलं होतं, ती आहे. तिचं नाव रुखमाबाई. आता ती तुमच्या घरात, तुमच्या खुर्च्यांपेक्षा उंचावर आहे, लोक येऊन तिची वाहवा करत असतील — म्हणून राहू द्यावी असंही दोन दिवस वाटलं. पण आमच्याकडे एक खिळा बारा वर्षं रिकामा आहे. तुम्ही नाहीच म्हणाल. स्वतःचा इतका सुंदर फोटो कोण परत देतं? तरी मागते. माझी आई मला परत पाठवा.'