डांबरगोळ्यांच्या ब्लँकेटांबाबत व भागाबाईंच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
काकडझिरा प्रसूतिगृह,
ता. शिरपूर, जि. धुळे

विषय : परिचारिका भागाबाई सोनवणे यांना "शासकीय ब्लँकेटे विनापरवाना उन्हात घातल्याबद्दल" दिलेली नोटीस मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १० मार्च २०२५.

महोदय,

१. मी काकडझिऱ्याच्या पाड्यावरची रहिवासी. ९ जानेवारी रोजी आपल्या प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून ब्लँकेट काढून तिला त्यात गुंडाळण्यात आले. वास डोळ्यांना झोंबत होता. माझ्या सासूबाई मोगराबाई यांनी विचारले, तेव्हा भांडारातले चुडामणभाऊ म्हणाले, "वास येस म्हनजे माल कोरा शे, माय." सासूबाईंनी विश्वास ठेवला. बाळाला तेल चोळून त्याच ब्लँकेटात निजवले.

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी काळी झाली, दूध ओढेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी आधी ब्लँकेटाचा वास घेतला, मग रक्त तपासले. तांबड्या पेशी सांभाळणारे एक द्रव्य मुलीच्या अंगात जन्मतःच कमी आहे. आमच्या पाड्यांवर असे अनेक जण आहेत. अंगातले रक्त बदलून मुलगी वाचवली, पण कावीळ मेंदूपर्यंत गेली होती. आज कानाशी थाळी वाजवली तरी ती दचकत नाही.

२. हे कळताच भागाबाईंनी गोळ्या काढण्याची लेखी विनंती केली. त्यावर आपले उत्तर आले : "सदर गोळ्या घरगुती असून निरुपद्रवी आहेत. वासाची तक्रार असल्यास खिडकी उघडावी." भांडाराला खिडकी नाही, हे आपणास भांडारात कधी आल्यास दिसेल.

३. आपल्या ज्ञानात भर घालण्याचे धाडस करते. या गोळीत नॅफ्थलीन असते. ते न वितळताच हवेत उडते आणि कापडात मुरते. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तेल लावलेल्या कातडीतून लवकर आत शिरते. वर सांगितलेले पेशी सांभाळणारे द्रव्य कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. कर्करोगाचा संशयही त्यावर आहे. ही माहिती मला अकरावीच्या पुस्तकातून व डॉक्टरांकडून मिळाली. आपल्या पदासाठी अकरावीची अट नसावी.

४. आपले उत्तर वाचून ७ मार्च रोजी भागाबाईंनी चाळीस ब्लँकेटे अंगणात वाळत घातली आणि गोळ्या डब्यात बंद केल्या. त्यानंतर अकरा बाळंतपणे झाली. एकही बाळ पिवळे पडून धुळ्याला गेले नाही. आपण मात्र "रंग उडाल्याने शासकीय मालमत्तेची हानी" झाल्याचे लिहिले आहे. माझ्या मुलीची नोंद आपण कोणत्या मालमत्तेखाली केली, ते कळवावे.

५. नोटिशीत एक चूक आहे. भागाबाई एकट्या नव्हत्या. दोऱ्या आम्ही बांधल्या, ब्लँकेटे आम्ही झटकली. पाड्यावरच्या सव्वीस बायांची नावे व अंगठे सोबत जोडले आहेत. नोटीस मागे घ्यावी, अन्यथा प्रत्येकीला वेगळी द्यावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आपण स्वतः येऊन वाचून दाखवावी. पाडा डोंगरावर आहे. गाडी अर्ध्यातच थांबते.

आपली नम्र, व नोटिशीस पात्र,
रोशनी रोहिदास पावरा
दि. १७ मार्च २०२५

सोबत : १) डॉक्टरांचा अहवाल २) सव्वीस अंगठे, पैकी पहिला मोगराबाईंचा