बेलाची पानं गोड का लागली

मु. पूर्णा
माघ, फसली १३५०

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी धाकट्या भीमाशंकरचा शरणार्थ. वहिनींनाही शरणार्थ सांगावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे आता आहोत; गेले तीन महिने नव्हतो. पेडगावात माझ्याबद्दल नाही नाही ते उठलं असेल, म्हणून खरं काय ते सविस्तर लिहितो.

इथल्या दवाखान्यात दिनकरराव नावाचे नवे डॉक्टर आले आहेत. (वय लहान, चष्मा मोठा.) मला सारखी तहान लागते म्हणून गेलो, तर त्यांनी लघवीचे चार थेंब काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून उकळले. निळंच राहिलं तर बरं म्हणाले. आमचं झालं भाजलेल्या विटेसारखं! मधुमेह. अण्णा, आपले वडील, आप्पा, याच दुखण्यानं गेले, तेही चौपन्नाव्या वर्षी. आणि मी पडलो गुळाचा व्यापारी. सकाळपासून दहा ढेपा चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगता येत नाही. ते पहिल्या दिवशीच बंद झालं.

डॉक्टरांनी पथ्य दिलं आणि जोडीला रोज सकाळी बेलाची अकरा कोवळी पानं चावून खायला सांगितली. पानाफुलांत, फळांच्या सालींत काही पिवळसर द्रव्यं असतात, त्यांच्यावर परदेशात अभ्यास चालू आहे, साखर आवरायला त्यांची मदत होते का ते पाहू, असं त्यांचं म्हणणं. (खात्री काहीच नाही, हेही तीनदा बजावलं. असा प्रामाणिक वैद्य मी प्रथमच पाहिला.) बेल म्हटल्यावर मला केवढा आनंद झाला! आपल्या घरात बेलाला काय तोटा?

पानं कडवट लागतील म्हणाले होते. मला तर गोड लागली. मी मनात म्हटलं, ही शिवाची कृपा. आठवड्यानं नळी पुन्हा लाल. पुढच्या आठवड्यात आणखी लाल. डॉक्टरांची झोप उडाली. त्यांनी झाड बदललं, नदीकाठचं सोडून मठामागचं घेतलं. मीही भक्तिभावानं अकराची एकवीस पानं केली. नळी इतकी लाल झाली की दवाखान्यातला कंपाउंडर बघायला आला.

शेवटी एके सकाळी डॉक्टर वही घेऊन घरीच आले. मी पूजेला बसलो होतो. आता तुम्हाला काय सांगायचं, इष्टलिंगाला अर्पण केल्याशिवाय आपण पाण्याचा घोटही घेत नाही, मग औषध कसं घेणार? लिंग तळहातावर, त्यावर पानं, पानांवर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, आणि दुकान घरचंच म्हणून साखरेऐवजी मूठभर गूळ. माझा जप होईपर्यंत पानं त्यात मुरायची. मग पानं खायची आणि वाटी तोंडाला लावायची. डॉक्टर हे सगळं बघून मटकन गुळाच्या ढेपेवर बसले.

"भीमाशंकरअप्पा, हे रोज असंच?"

"रोज," आमची चन्नबसम्मा माझ्याआधी म्हणाली. "औषध हाय म्हणून मी मध लय घालायलेय."

"बाई, निदान पानं तरी कोरडी द्या!"

"देवाला कोरडी पानं वाहू का? मधुमेह ह्यांना झालाय, देवाला न्हाई झाला!"

अखेर डॉक्टरांनी महालिंगस्वामींना मठातून बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसले, आणि नुसत्या पाण्याचा अभिषेकही देवाला पोचतो असा निवाडा दिला. दुसऱ्या दिवशी पानं चावली आणि, अण्णा, डोळ्यांतून पाणी आलं. काय तो कडवटपणा!

पण नळी लालाची पिवळी झाली, पिवळीची हिरवी झाली आणि परवा चक्क निळसर! मी दवाखान्यात टाळ्या पिटल्या. डॉक्टर म्हणतात, यात पथ्याचा वाटा किती आणि पानाचा किती हे एका माणसावरून कळत नाही. चन्नबसम्मानं आनंदानं गल्लीत गूळ वाटला. (मला वास दिला.)

आपला आज्ञाधारक,
भीमाशंकर

ता.क. डॉक्टरांना वहीत दुसरा माणूस हवा आहे. मी तुमचं नाव सांगून ठेवलं आहे. रागावू नये.

ता.क. दुसरा. वहिनींनी कुणाकडून तरी लिहून घेऊन मला चिठ्ठी पाठवली होती. तुम्ही रात्रीतून पाच वेळा उठता, पायाची जखम महिनाभर भरत नाही, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ओरडता. एवढं लांबलचक पत्र त्यासाठीच लिहिलं. हसत हसत तरी शेवटापर्यंत वाचाल म्हणून. तुम्हाला चौपन्नावं लागलं आहे. आप्पा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, पुढं तुम्हीच मला वाढवलंत. मला पुन्हा पोरकं व्हायचं नाही.

ता.क. तिसरा. सोमवारी सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर उभा आहे. तुम्ही उतरला नाहीत, तर उलट्या गाडीनं डॉक्टर, निळं औषध आणि चन्नबसम्मा अशा तिघांना घेऊन पेडगावला येतो. त्यातल्या दोघांना तुम्ही गप्प कराल.