उसनी थुंकी

१४ नोव्हेंबर १९८८
दवाखान्यात भरती. खाट अकरा. टीबी म्हणतात. मले टीबी नाही, ठसका हाय. कापूस वेचू वेचू नाकात रुई जाते, त्याचा. पण लेक नागनाथ ऐकत नाही. सून पंचफुला पोटुशी, दीड महिन्यात बाळंत होईल, म्हणून ही सारी घाई. सासू घराबाहेर निघाली तं सुनेच्या तोंडावर उजेड पडला. पडू दे.
हैदराबादचा एक तरणा डाक्टर इथं संशोधन करून राह्यला. अर्ध्या रोग्याइले सुया, अर्ध्याइले नव्या कॅप्सूल. कोण लवकर बरं होते ते मोजते. मी कॅप्सूलवाली. मले लिहिता येते समजल्यावर त्यानं दोन कोऱ्या वह्या देल्या. म्हणे, अम्मा, रोजची लक्षणं लिहा. एक वही त्याच्यासाठी. ही माह्यासाठी. दुसरीपर्यंत शिकली मी, वार्डात तेवढंही कोणी नाही.

१७ नोव्हेंबर
त्याच्या वहीत: खोकला नाही. ताप नाही. भूक चांगली.
या वहीत: पहाटे ठसका. सांजेले अंग तापते, ते टिनाच्या छपरानं. थुंकीत लाल येते, ते दातातलं. दात तीनच उरले, पण रक्त काढाले एकही पुरते.

२ डिसेंबर
कॅप्सूल खाल्ली का लघवी लाल. सिस्टर म्हणे, औषधाचा रंग हाय, भिऊ नका. मी काय येडी? अंगातलं रक्त वाहून चाललं. ठरवलं, एक दिवसाआड घ्यायची. सिस्टर पाहे तवर गालात, मंग ओच्यात. चाळीस वर्सं घरादाराचं औषधपाणी केलं मी. मले डोस शिकवू नये.

३० डिसेंबर
नातू झाला. नागनाथ गूळ घेऊन आला. नाक माह्यावर गेलं म्हणे. सून म्हणते तिच्या बापावर. तिच्या बापाचं नाक म्हणजे कांद्याचं भजं.
गाठोडं बांधलं, निघाली. डाक्टर दारात आडवा. म्हणे, अम्मा, तुमच्या थुंकीत जंतू हायत. लहान लेकराच्या छातीत गेले तं ते वाचणार नाही. लागोपाठ तीन दिवस थुंकी साफ आली का मी स्वतः सोडतो. नागनाथ बाजूले उभा राहून मान हलवत होता, पोळ्याचा बैल हलवते तशी.
जंतू म्हणे दुर्बिणीत दिसतात. मले तं दिसत नाहीत.

१२ जानेवारी १९८९
थुंकी आज पुन्हा खराब आली. चौथी डबी. घरी बारसं सव्वा महिन्यावर नेलं, तीन फेब्रुवारीले. आत्या नाव ठेवील, मामी पाळणा म्हणील, अन् आजी इथं डबीत थुंकत बसील. होणार नाही.

१५ जानेवारी
उपाय सापडला. एवढा सोपा का आधी काऊन सुचला नाही.
शेजारच्या खाटेवर बयनाबाई. सुयावाली. तिची थुंकी महिन्यापासून साफ, सुया संपाच्या हायत म्हणून पडून. आपण विरजण उसनं आणतो, चुलीसाठी इस्तो उसना आणतो. मंग थुंकी काऊन नाही? बयनाबाई पह्यले हासली. मंग म्हणे, रुक्माबाई, उसन्या इस्त्यानं कधी कधी घर पेटते. मी म्हटलं, मोठी आली पोथी सांगणारी. जवसाच्या चटणीच्या डब्यावर मानली.

२० जानेवारी
तीन दिवस, तीन डब्या, तिन्ही साफ. डाक्टर नाचाचा बाकी राह्यला. कॅप्सूलनं साफ झालेली पह्यली बाई मी. माहा फोटो काढला. हैदराबादेत मोठ्या डाक्टराइची सभा हाय, तिथं माहा कागद वाचणार म्हणे. गरीबाचं भलं झालं माह्या हातानं.
साफ झाल्याचा शिक्क्याचा कागद भेटला, घरी घ्याच्या कॅप्सूलची पुडी भेटली. निघताना बयनाबाई पदर धरून म्हणे, घरी जा, पण लेकराले दुरून पाह्य. जळते. तिले नातू नाही.

३ फेब्रुवारी
बारसं थाटात. नाव देवाजी. माह्या मांडीवरून उतरत नाही लेकरू. पंचफुला म्हणे, आत्याबाई, तोंडाले पदर तं लावा. मी शिक्क्याचा कागद तिच्या नाकापुढं धरला. चारचौघीतून उठून चुलीकडं गेली. बरं वाटलं.
टाळूत तेल जिरवताना ठसका आला. तोंड फिरवलं होतं. बहुतेक.

२६ फेब्रुवारी
कॅप्सूल बंद. साफ माणसानं औषध खाणं म्हणजे जेवल्यावर पुन्हा ताट वाढून घेणं.
लुगडं ढिलं होते. दोन निऱ्या जास्त घ्याव्या लागतात. घरी काम असते, दवाखान्यासारखं पडून थोडी राहतो.

१९ मार्च
देवाजीले खोकला. सुनेनं दही खाल्लं, दुधातून उतरलं. तिले चांगली झापली. ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली. दोन दिवसांत उतरते.

४ एप्रिल
नाही उतरला. बारीक तापही हाय. लेकरू अंगावर पेत नाही, नुसतं कण्हते. दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तं घरात कोणालेच ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर. मलेच तेवढा लागला.

११ एप्रिल
टाळू.
रोज तेल घालते तिथं खळगा लागे. आज फुगून वर आली. तेल थांबत नाही, वघळते. सहा बाळंतपणं झाली माही, तीन लेकरं राह्यली. अशी टाळू एकदा पाह्यली होती. कोणाची, ते लिहीत नाही.
नागनाथले म्हटलं, सकाळची बस धर.

१२ एप्रिल
तोच दवाखाना, तोच डाक्टर. इचारलं, घरात टीबी कोणाले हाय? पंचफुलानं माह्याकडं पाह्यलं. म्या खाली पाह्यलं. डाक्टरच बोलला, अम्मा तं साफ हाय, माह्यापाशी कागद हाय. घरात टीबी नाही तं टीबीचं जड औषध लेकराले काऊन द्यायचं? साधा न्यूमोनिया लिहिला. साध्या सुया लिहिल्या.
तोच म्हणते न्यूमोनिया. शिकलेला माणूस. त्याले माह्यापेक्षा जास्त समजते.

१४ एप्रिल
सकाळी: ताप तसाच. मान ताठ. डोळे फिरवते. उद्यापर्यंत सुयाइचा गुण येईल.
दुपारी: गेली त्याच्या खोलीत. सारं सांगतलं. गालातल्या कॅप्सूल, बयनाबाई, तीन डब्या, चटणी. तो हासला. म्हणे, अम्मा, सुनेशी भांडण झालं काय? काळजीनं तुमचं डोकं फिरलं. तुमचा कागद सभेत वाचला, लोकाइनं टाळ्या वाजवल्या. खोटं देलं तवा शिक्का मारला, अन् खरं सांगतलं तं हासते.
टेबलावर कोरी डबी होती. उचलली. झाकण काढलं. त्याच्यासमोर खोकली, बेंबीपासून. डबी त्याच्या कागदावर ठेवली.
त्यानं आत लाल पाह्यलं. हासणं थांबलं. उठला अन् लेकराच्या वार्डाकडं पळत गेला.

१५ एप्रिल
लेकराच्या पाठीतून पाणी काढलं. टीबीचं औषध सुरू केलं. सिस्टर म्हणे, आधी आणाले पाह्यजे होतं, आता पाहू. डोळे अजून उघडले नाहीत. मले पुन्हा भरती केलं. तिकडं जाऊ देत नाहीत. डाक्टर समोरून गेला, लेकराच्या वार्डाकडं.
दुपारी पंचफुला भाकर घेऊन आली. दारातच ठेवली. मी वाट पाह्यली, आता म्हणील काही, मंग म्हणील. तिनं पदर सावरला अन् लेकराकडं गेली.
चार शिव्या देल्या असत्या तं भाकर घशाखाली उतरली असती.