४१२ मधला फिटर

बाबा, सगळ्या मजल्यांना हवा देणारा तळाचा पंप बंद पडलाय. यादीत फिटरचं नाव नसतं, फक्त खोलीचा नंबर. आपला ४१२ लागला, म्हणून तुमच्याऐवजी मीच उतरतोय. तळाचं दार चाळीस दिवस कुलूपबंद राहील. खालची हवा तुमच्या छातीला झेपली नसती.

काम येतं मला. लहानपणी खांद्यावर घेऊन छताच्या पाइपाला माझा कान टेकवायचात, "ऐक, व्हॉल्व्ह खोकतोय," म्हणायचात. आई ओरडायची, "अहो, पोराला जेवू तरी द्या!" आपण दोघंही बहिरे व्हायचो. शाळा माझी तीच. फार मजेचे दिवस होते, बाबा.

सगळ्यांना वाटतंय तुम्हीच खाली गेलात; जिन्यात दिसलात तर कुलूप काढून मला वर आणतील आणि तुम्हाला पाठवतील. कुणी दार वाजवलं तर मोठ्यानं घोरा. पोरगा अजून लोळतोय असं समजून निघून जातील.