पिनेच्या जागी खिळा

शिकाऱ्यांची झोपडी, अल्दान नदीकाठ
१४ ऑक्टोबर, सकाळ

एर्चिमदादा,

तू, वहिनी बरे असाल. माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कुन्नेयचा श्वास ऐकत बसले. पोरीची छाती घरघरते. आवाज थांबला की हलवते, रडली की बरं वाटतं.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना, म्हणून तुझ्याकडच्या दवाखान्यात नावेनं निघालो. बर्फ वाहायला लागलाय हे माहीत होतं. निघताना नदीआजीला पहिलं धिरडं वाहिलं. बेर्गेन म्हणाला, "आजी, नातसुनेला नि पणतीला सांभाळ. माझं काय, मी पोहेन." मी त्याला चापट मारली. आजीसमोर असं बोलतात का?

अर्ध्या वाटेत बर्फाची लादी नावेच्या इंजिनाच्या पंख्याला लागली, पंख्याची पिन तुटली. इंजिन वाचावं म्हणून ती तुटायचीच असते, तुला ठाऊक आहे. दुसरी नव्हती. त्यानं खिळा घातला. मी म्हटलं, "दादा ओरडेल हं." तर म्हणे, "तो एरवीही विचारतोच, दाजी, नाव चालवता की घोडं?" हसलो दोघं. मग पुढची लादी. खिळा तुटला नाही, इंजिनातल्या चाकांचे दातेच फुटले. वल्ही मारत इथवर आलो.

काल दुपारी बेर्गेन काठानं पायी निघाला, तुला आणायला. पोचला असेल.

नाही दादा. नाही पोचला. मी दारातून बघत होते. ओढ्याच्या तोंडाशी बर्फावर काठी आपटत चालला होता. मग नुसती काठी दिसली, आडवी. पोरीला टाकून धावले, हाका मारल्या. पाणी काळं, वर लगेच बर्फाची साय धरायला लागलेली.

आईला सांगू नकोस. मी सांगेन.

पोरगी दूध ओढत नाही. आता मधली धार मोकळी दिसते. तिला हरणाच्या कातड्यात गुंडाळून छातीशी बांधलंय, नाव ढकलते. वल्हं मारता येतं मला, पण एकटीनं काठाला लावणं जमायचं नाही. धार तुमच्या धक्क्याजवळून जाते. तिथं दोर टाकायला कुणीतरी हवं.

लाकडं फोडून ठेवलीत. काडेपेटी कोरडी आहे.

जो कोणी इथं येईल, आधी चूल पेटवू नका हो. माझा फोन गारठून बंद पडला. मागच्या टेकडीवर रेंज मिळते, नंबर या कागदाच्या पाठीमागे लिहिलाय. माझ्या दादाला फोन करा. म्हणावं, तुयारा धारेला लागलीय, दोर घेऊन धक्क्यावर उभा राहा.